मदत हवी: तारीख कोरी सोडलेल्या राजीनाम्यावर सही मागताहेत

नमस्कार. खाजगी अनुदानित शाळेत अकरा वर्षं गणित शिकवते. कायम आहे, नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता आहे. तालुक्याचं गाव असल्यामुळे याहून जास्त ओळख देत नाही.

आधी माझी चूक सांगते, ती लपवून सल्ला मागण्यात अर्थ नाही. गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात दशांश अपूर्णांकांचा भागाकार चालू होता. एक मुलगा तिसऱ्यांदा मागे वळून बोलला आणि मी टेबलावरची लाकडी पट्टी त्याच्या हातावर मारली. दोनदा. दुसऱ्या वेळी कड लागली. मधल्या सुट्टीत पाहिलं तर मनगटाच्या वर वळ उठला होता, आणि तो डबा डाव्या हाताने खात होता. दुसऱ्या दिवशी वडील आले. आरडाओरडा नाही. मुलाची बाही वर करून म्हणाले, "बाई, हे बघा आणि तुम्हीच सांगा." मला तोंड उघडता आलं नाही. त्यांनी हेडसरांकडे लेखी तक्रार दिली.

चार दिवसांनी संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. समोर टाइप केलेला कागद: 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' माझं नाव, हुद्दा सगळं भरलेलं, तारखेची जागा तेवढी कोरी. म्हणाले, "सही करून द्या, कपाटात राहील. पालक पोलिसात गेले नाहीत तर फाडून टाकू." मी विचार करून सांगते म्हटलं. तेव्हापासून वर्गावर जाऊ देतात, पण मस्टर (हजेरीपट) सहीसाठी समोर येत नाही. (सचिवांच्या नात्यातला एक बी.एड. झालेला मुलगा दोन वर्षं तासिका तत्त्वावर येतोय, हे गावाला ठाऊक आहे. असो.)

सही नाही केली तर काढू शकतात का? मस्टरचं काय करू? घरी अजून फक्त नवऱ्याला सांगितलंय.

काळाकोट:
सही करू नका. खाजगी शाळांच्या १९७७ च्या सेवाशर्ती कायद्यात राजीनाम्यासाठी स्वतंत्र कलम आहे, ७ वं. राजीनामा कर्मचाऱ्याने स्वतः तयार करायचा, दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख त्यानेच टाकायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःकडे. असे कपाटातले कागद फार झाले म्हणूनच ते कलम आहे, असं माझं मत. शिवाय राजीनामा देताना कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते.

आता दुसरी बाजू. मुलगा सातवीत, म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा लागू. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. पट्टी, चापट, उठाबशा, सगळं त्यात आलं. पण त्याच कलमात पुढे म्हटलंय की बंदी मोडणाऱ्यावर त्याला लागू असलेल्या सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होईल. तुमचे सेवानियम म्हणजे त्या १९७७ च्या कायद्याखालची १९८१ ची नियमावली. म्हणजे आधी आरोपपत्रक, उत्तराला सात दिवस, ते पटलं नाही तर तिघांची चौकशी समिती: एक संस्थेचा, एक तुम्ही निवडलेला कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांपैकी. संस्था समितीवरच्या सदस्यांची नावं कळवते, ते पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही निवडलेल्याचं नाव त्याच्या लेखी संमतीसह द्या, नाहीतर समिती दोघांचीच होते. ताकीद, ठपका, वर्षभर वेतनवाढ रोखणं या शिक्षाही नियमांतच आहेत. पहिल्याच चुकीला थेट घरी, हे मला टिकण्यासारखं दिसत नाही. काढलंच तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील, कलम ९. हे तीस दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. 'साहेबांशी बोलणं चालू आहे' यात ते कसे जातात कळत नाही.

निवृत्त हेडमास्तर:
बाई, मस्टरचं सांगतो. रोज वेळेवर जा आणि रोज हेडसरांना दोन ओळींचा अर्ज द्या: आज हजर आहे, अमुक तास घेतले, सही करू दिली नाही. आवक क्रमांक मागा. क्लार्क नको म्हणाला तर त्याच दिवशी पोचपावतीचं नोंदणी टपाल (रजिस्टर एडी), प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना. तासांची टाचणवही आणि मुलांच्या वह्यांवरच्या तारखेच्या सह्या जपून ठेवा, उद्या 'गैरहजर होत्या' म्हणाले तर तेच कामाला येईल. तोंडी 'येऊ नका' म्हणाले तरी घरी बसू नका. निलंबनाला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. तशी न घेता केलं तर निर्वाह भत्ता संस्थेच्या खिशातून जातो, म्हणून तर ते कागदावर काही देत नाहीयेत!

सातवीची_आई:
सगळं वाचलं. हक्क कळले. त्या मुलाशी बोललात का? एक महिना झालाय.

(मूळ धागाकर्ती):
नाही. धीर झाला नाही. तो आता शेवटच्या बाकावर बसतो आणि पट्टी हातात घेतली की खाली बघतो, मी फळ्यावर रेघ मारायला घेतली असली तरी. लेखी माफी द्यावी असं वाटतं, पण ती माझ्याविरुद्ध वापरतील का?

काळाकोट:
वापरतील. कबुलीच होईल ती. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम (मुलाशी क्रूरपणे वागण्याबद्दलचं) गंभीर आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात, त्यामुळे कागद लिहिण्याआधी गावातल्या वकिलाला दाखवा. पण मारलं हे तुम्ही नाकारणारच नसाल, तर चौकशीतही तेच सांगणार ना? वडिलांना समोरासमोर भेटा, हेडसरांना बरोबर घ्या. 'तक्रार मागे घ्या' हा शब्द तोंडातून काढू नका. तो दबाव ठरतो.

(मूळ धागाकर्ती):
आज पहिला अर्ज दिला. क्लार्कने आवक क्रमांक दिला, मान वर न करता. सचिवांना रजिस्टर एडीने कळवलं की राजीनामा देत नाही, चौकशी नेमा, मी हजर राहीन. संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले. हेडसर आले नाहीत, नवरा आला. वडिलांनी बसा म्हटलं, चहा झाला. तक्रार तशीच राहील म्हणाले, मी बरं म्हटलं. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

समितीसाठी दुसऱ्या शाळेतलं कोण तयार होईल, ते आता शोधतेय. कुणी असं काम केलं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.