जुन्या हूवर कॉन्स्टेलेशनला पिशवी कुठली बसवायची? (नाशिक)

कॅम्पातली_मंजू:
नमस्कार मंडळी. देवळाली कॅम्पात लॅम रोडला आमच्या शेजारचा पारशी बंगला रिकामा झाला. मावशींनी जाताना त्यांचा व्हॅक्यूम क्लीनर माझ्या ओटीत घातल्यासारखा दिला. हूवर कॉन्स्टेलेशन, विलायतेतला, मॉडेल १९५०च्या दशकात निघालेलं. माझ्याकडच्याला चाकंच नाहीत. भोपळ्यासारखा गोल आहे. आतून बाहेर पडणारी हवा तो खाली फेकतो आणि त्या हवेवरच जमिनीपासून जरासा उचलला जातो. मोझॅकवर बोटाने ढकलला तरी सरकतो. मागच्या पडवीत शहाबादी आहे, तिथे मात्र ढिम्म हलत नाही. फरशीच्या सांध्यांतून हवा निसटत असणार.

अडचण पिशवीची. सोबत कागदाची एकच वापरलेली पिशवी आली, ती तळाच्या घडीवर फाटलीय. खाकी चिकटपट्टी लावून चालवतेय, पण दर वेळी खोलीभर धुरळ्याचा वास येतो. मेन रोडला विचारलं, एम. जी. रोडला विचारलं. एकाने तर "ताई, भंगारात द्या आणि बिनपिशवीचा घ्या" म्हणून नवीन मॉडेलचं कागदच हातात ठेवलं. इंग्लंडात अशा पिशव्या मिळतात, पण टपाल आणि कस्टम धरून पिशवीपेक्षा आणणावळ भारी. सासूबाई म्हणतात मांजरपाटाची शिवून घे. चालेल का? दिवाळीची झाडलोट तोंडावर आहे.

पंचवटीकर_बाळू:
एवढं काय त्यात. उशीचा जुना अभ्रा घ्या, तोंड दोरीने आवळा, झालं काम. कचरा आत राहिल्याशी मतलब.

अंबडकर_काका:
बाळू, असला सल्ला देऊ नकोस बाबा. मी अंबडला कारखान्यात मेंटेनन्सला होतो, बॅग फिल्टर, म्हणजे धूळ गाळणाऱ्या मोठ्या कापडी पिशव्या, सांभाळण्यातच केस पिकले.

मंजूताई, पिशवी कचरा साठवते हे खरं, पण तिचं मुख्य काम हवा गाळायचं. तुमच्या मशीनमध्ये मोटर पिशवीच्या पुढे आहे, म्हणजे पिशवीतून निसटलेली धूळ थेट मोटरवर जाते. बेअरिंगचं ग्रीस आणि कार्बन ब्रश, दोन्हींचं वाटोळं. तुम्हाला येतो तो वास याच बारीक धुळीचा. अभ्र्यातून ती आरामात निघून जाते, आणि नव्या कोऱ्या मांजरपाटातूनही. कापूस थोडा धुळीने भरला की तो जास्त चांगलं गाळायला लागतो. कारखान्यात आम्ही याला केक बसला म्हणतो. पण केक बसेपर्यंतची धूळ मोटरने का खावी?

आमच्याकडे पॉलिएस्टरचं जाड नीडल फेल्ट, म्हणजे सुयांनी टोचून घट्ट केलेलं नमद्यासारखं कापड असायचं. तेही आणू नका. कारखान्यात कापडातून हवा मिनिटाला साधारण एक-दीड मीटर वेगाने जाते. घरच्या मशीनची मिनिटाला दोन घनमीटर हवा धरली आणि पिशवीचं कापड ०.२ चौरस मीटर, तर वेग दहा मीटरवर गेला. जाड फेल्ट तिथे चटकन गुदमरेल.

उपाय सांगतो. हल्ली दुकानात सिंथेटिक पिशव्या मिळतात, आत तीन थर असतात, मधला फार बारीक तंतूंचा. कुठल्याही कंपनीची घ्या, फक्त आकाराने तुमच्या जुन्या पिशवीएवढी हवी. फार मोठी घेतलीत तर आत चोळामोळा होऊन हवेची वाट अडवेल. त्या नव्या पिशवीची कॉलर, म्हणजे पाइपावर बसणारी तोंडाची ताठ पट्टी, कापून टाका. तुमच्या जुन्या पिशवीची पुठ्ठ्याची कॉलर जपून सोडवा, तीच तुमचा साचा. तिचं भोक व्हर्नियरने मोजा, पट्टीने नको. साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा दोन थर चिकटवून तशीच नवी कॉलर कापा, आणि भोकाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती लावा. चकतीचं भोक पाइपापेक्षा किंचित लहान ठेवा, म्हणजे ती पाइपाला घट्ट धरेल. पिशवी कशीही चालेल एक वेळ, या सांध्यातून फट राहिली तर सगळं फुकट.

आणि तुमच्या मशीनची एक गंमत. पिशवी भरत आली की हवा कमी सुटते, मग ते मोझॅकवरसुद्धा बसायला लागेल. तोच इशारा. सोबत आवाज चढतो, कारण ओढायला हवा नसली की मोटर मोकळी पळते. तिला थंड करणारी हवाही तीच, तेव्हा आवाज चढला की बटण बंद. आधी वायर मात्र दाखवून घ्या, त्या काळच्या रबरी वायरीला तडे गेलेले असतात.

कॅम्पातली_मंजू:
काका, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. "मग माझं मांजरपाट?" हा त्यांचा प्रश्न अजून उभाच आहे 😄 कॉलर चिकटवायला फेविकॉल चालेल?

अंबडकर_काका:
पुठ्ठ्याला पुठ्ठा पांढऱ्या फेविकॉलने. पिशवी कॉलरला चिकटवताना ग्लू गन, फिरवून पूर्ण गोल, मध्ये तुटू न देता. सिंथेटिक कापडाला पांढरा गोंद नीट धरत नाही. सासूबाईंना सांगा, मांजरपाट बाहेरून घालू नका, आधीच हवा कमी.

सिडकोतली_शिलाईवाली:
मी एका गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनसाठी कापडी पिशवी शिवून दिलीय. मांजरपाट नाही, घट्ट विणीचं ड्रिल घेतलं आणि शिवण आत दडवून दुहेरी मारली. साध्या शिलाईत सुईच्या भोकांतूनच धूळ येते. तळ शिवायचा नाही. दोन घड्या घालून मुलांच्या स्टिक फाईलची प्लास्टिकची पट्टी सरकवायची. रिकामी करायची झाली की पट्टी ओढली, गच्चीवर झटकली. धुतलीच तर कडकडीत वाळवून मगच लावा, ओलसर कापडावर धुळीचा चिखल होतो. हीच पट्टी काकांच्या सिंथेटिक पिशवीच्या तळालाही लागेल, म्हणजे एकच पिशवी काही वेळा रिकामी करून वापरता येईल.

अंबडकर_काका:
पट्टीचं झकास. फक्त रांगोळी, पीओपीचा भुगा आणि चुलीतली राख त्याने ओढू नका ताई. एवढी बारीक पूड एका फेरीत पिशवी बुजवते, आणि मग झटकूनही ती मोकळी होत नाही.

कॅम्पातली_मंजू:
रविवारी दहीपुलाकडे जाणार आहे, ट्यूब आणि पुठ्ठा तिकडूनच बघते. व्हर्नियर कुणाकडे असेल तर अर्धा तास द्या, कॅम्पात कुणाकडे नाहीये.

पंचवटीकर_बाळू:
माझ्याकडे आहे. अभ्र्याचं मागे घेतो, पण चहा पाजावा लागेल.