कोसॅकांच्या स्मरणदिनाला बोलायचंय, सुरुवात कुठून करू?

मंगळवारपेठकर: वाचन कट्ट्यावर २४ जानेवारीला माझी पाळी. विषय मीच ओढवून घेतलाय, डॉनकाठचे कोसॅक, म्हणजे दक्षिण रशियातल्या डॉन नदीकाठचे, झारच्या फौजेत घोडदळ म्हणून लढणारे शेतकरी. १९१९ ला याच तारखेला बोल्शेविकांच्या, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या, केंद्रीय समितीतून गुप्त पत्रक निघालं: श्रीमंत कोसॅक सरसकट संपवा, धान्य जप्त करा, हत्यारं जमा करायच्या मुदतीनंतर कुणाकडं हत्यार सापडलं तर गोळी घाला. म्हणून रशियात त्या दिवशी चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना होते. पण आमच्या कट्ट्यावर निम्मी मंडळी लाल बावट्याची. आबा तर आत्ताच म्हणायलेत, "झारच्या चाबूकवाल्यांसाठी कशाला रडतोस रं?"

रंकाळा_७२: आबांचं अगदीच खोटं नाही. १९०५ मध्ये संपकऱ्यांवर कोसॅकच सोडले होते. पण मिरोनोव्हपासून सुरू कर की. फिलिप मिरोनोव्ह, डॉनचाच कोसॅक आणि बोल्शेविकांच्याच लाल सेनेचा सेनानी. या धोरणाविरुद्ध उघड बोलला. १९२१ मध्ये मॉस्कोच्या बुतिर्का तुरुंगात त्याला गोळी घातली, १९६० मध्ये निर्दोष ठरवलं. आता आबांना बोलू दे!

कट्टाकर: डॉनकाठच्या वेशेन्स्काया गावचा उठावही घे. पत्रकानंतर दोनेक महिन्यांत तिथं लोक उठले, मग वरून पत्रक थांबवलं. तरी १९२० मध्ये कॉकेशसमधल्या तेरेक नदीकडची कोसॅकांची गावंच्या गावं हाकललीच. मृतांच्या आकड्यात शिरू नकोस भावा, इतिहासकारांतच मेळ नाही, सगळा वेळ त्यातच जाईल.

मंगळवारपेठकर: मिरोनोव्ह पक्का. दडपलेल्या समाजांना न्याय द्यायच्या रशियाच्या १९९१ च्या कायद्यात कोसॅकांचं नाव आहे, तेही घेतो. आबांना पहिल्या रांगेत बसवतो.