निसर्गचित्र, स्थलचित्र की लँडस्केप? आणि ‘कोल्हापूर स्कूल’चं काय?

प्रश्न : कोल्हापूरच्या चित्रकारांवरच्या एका लेखाची प्रुफं तपासते आहे. पंचगंगेच्या घाटाच्या चित्राला लेखकाने एकदा निसर्गचित्र, एकदा स्थलचित्र आणि एकदा लँडस्केप म्हटलंय. तिन्ही एकच का? शिवाय ‘कोल्हापूर स्कूल’ जागोजागी येतं. तिथे ‘शाळा’ केलं तर चालेल?

प्रतिसाद : एकच नाहीत. निसर्गचित्र सगळ्यांत रुळलेला शब्द खरा, पण त्याला दोन अर्थ चिकटलेत. समोर जास्वंदीची फांदी ठेवून पानं, देठ, कळ्या रेखायच्या, त्या नेचर ड्रॉइंगलाही निसर्गचित्रच म्हणतात. आणि घाटाच्या चित्रात निसर्ग असतो किती? दगडी पायऱ्या, दीपमाळा, देवळांची शिखरं. आभाळ आणि पाणी सोडलं तर बाकी सगळं माणसाच्या हातचं.

स्थलचित्र म्हटलं की अमुक एक जागा आणि तिथे बसलेला चित्रकार, दोन्ही डोळ्यांपुढे येतात. म्हणून कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्यासाठी मी हाच शब्द वापरेन. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी त्यांनी आयुष्य काढलं. १९३१ साली ते गेले. त्यांच्या चित्रातलं पाणी म्हणजे ‘कुठलंतरी पाणी’ नव्हे.

जलरंगात अशा जागेवर बसलेल्याला फार तर दोन तास मिळतात. तेवढ्यात सावली पायरीवरून खाली सरकते. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, ओला असतानाच त्यात दुसरा रंग सोडायचा, आणि पाण्यावरची चकाकी हवी असेल तिथला कागद कोराच राखायचा. एकदा रंग लागला की ती शुभ्रता परत मिळत नाही. ही घाई चित्रात दिसते आणि स्थलचित्र या शब्दात ती ऐकूही येते. मनाने रचलेल्या डोंगर-नदीच्या चित्राला मात्र निसर्गचित्र किंवा निसर्गदृश्य म्हणावं.

लँडस्केप हा चित्रकारांच्या तोंडचा शब्द. ‘लँडस्केपला जाऊया’ असंच म्हणतात. ‘स्थलचित्रणास जाऊया’ म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. संवादात असेल तर तो राहू द्या.

आणखी एक प्रतिसाद : ‘शाळा’ नको. इथे स्कूल म्हणजे एका वळणाने चित्रं काढणारी मंडळी; ‘शाळा’ म्हटलं तर वाचक इमारत शोधत बसेल. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन या कोल्हापुरातल्या खऱ्या कलाशाळा. ‘कोल्हापूर स्कूल’ची सुरुवात त्यांच्या आधीची. ‘घराणं’ म्हणावं का?

प्रतिसाद : घराणं या शब्दाचा मोह मलाही होतो. पण अल्लादिया खाँसाहेबांच्या कोल्हापुरात तो शब्द गाण्याचा आहे, आणि त्यात तालमीची शिस्त येते. इथे विद्या पसरली ती हाताखाली काम करता करता. आनंदराव मेस्त्री आणि बाबूराव मेस्त्री (हेच बाबूराव पेंटर) नाटकांचे पडदे रंगवत. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा. सपाट कापडावर मैलभर खोल जागा दाखवायची, आणि तीही शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पटली पाहिजे. पुढे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल असे चित्रकार घडले. चंद्रकांत मांढरे तर सिनेमातले नायक, आणि आयुष्यभर स्थलचित्रं करत राहिले. नाटक, सिनेमा, कॅनव्हास यांत ये-जा करणारी ही मंडळी. त्यांना मी ‘कोल्हापूरची चित्रपरंपरा’ म्हणेन. शैलीबद्दलच बोलायचं असेल तिथे ‘कोल्हापूर शैली’.

आणि प्रुफात एक सांभाळा. ‘बाबूराव पेंटर’चं ‘चित्रकार बाबूराव’ करू नका. मेस्त्री मागे पडून पेंटर हेच त्यांचं नाव झालं. त्या गावाने इंग्रजी शब्द घेतला आणि त्याचं आडनाव केलं. तिथे आपण भाषांतर करायला जाऊ नये.