मदत हवी आहे: सिकलसेलवरच्या आरएनए औषधाचं पेटंट

राम राम मंडळी. मी शहाद्याचा, सध्या जळगावला पीएचडी करतोय. धडगाव-अक्कलकुव्याकडची सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पोरं लहानपणापासून बघतोय. थंडी पडली की रात्रभर कण्हतात, ते ऐकवत नाही.

बीसीएल११ए हे जनुक आपलं गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर दाबून ठेवतं. त्याचा जोर कमी केला की ते हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि लाल पेशी कोयत्यासारख्या वाकणं कमी होतं. २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेली कॅसगेव्ही ही जनुक-उपचारपद्धती याच तत्त्वावर चालते. पण तिच्यात रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून जनुक कापावं लागतं, आधी कडक केमोथेरपी द्यावी लागते. पाड्यावरच्या माणसाला हे कसं झेपणार? म्हणून आम्ही जनुक न कापता त्याचा संदेश तोडणारा एसआयआरएनए, म्हणजे आरएनएचा छोटा तुकडा, बनवलाय. प्रयोग अजून फक्त पेशींवर आहेत.

आता अडचण पेटंटची. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(सी)नुसार निसर्गात सापडणाऱ्या पदार्थाच्या शोधाला पेटंट नाही, ३(आय)नुसार उपचारपद्धतीलाही नाही. आमच्या एसआयआरएनएतल्या अक्षरांचा क्रम मानवी जनुकाशी जुळणारा, पण त्यात रासायनिक बदल आम्ही केलेत. मग दावा त्या बदललेल्या रेणूवर करायचा, की तो पेशीत नेणाऱ्या मिश्रणावर? पुढच्या महिन्यात धुळ्याला पोस्टर लावून हे काम सगळ्यांसमोर मांडायचंय. त्याआधी तात्पुरता अर्ज टाकून बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यावा, असं गाइड म्हणतात. पण त्या अर्जात क्रम पूर्ण लिहावाच लागतो का?

असे अर्ज स्वतः हाताळलेल्या कुणी भाऊ-ताईंनी कृपया सांगा.