नालोक्सोननंतर श्वास पुन्हा का मंदावतो?

फार्मा_तिसरं_वर्ष: मेथाडोन या ओपिऑइडच्या (अफूसारख्या औषधाच्या) ओव्हरडोसमध्ये त्याचा उतारा म्हणून ०.४ मिग्रॅ नालोक्सोन आयव्ही (शिरेतून) दिलं की दोनेक मिनिटांत श्वास सुधारतो, पण तासाभरात पुन्हा मंदावतो. असं का? मग पहिलाच डोस मोठा का देत नाहीत?

म्यू_रिसेप्टर: नालोक्सोन स्पर्धक रोधक आहे. ओपिऑइड जिथे चिकटतात त्याच रिसेप्टरवर बसतं, सुटतं, पुन्हा बसतं. रक्तातलं प्रमाण घटलं की जागा मेथाडोन घेतं. नालोक्सोनचं हाफ-लाइफ (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण तासभर, मेथाडोनचं बहुधा २४ तासांच्या आसपास, कधी त्याच्या दुप्पट. मोठ्या डोसने फरक थोडाच पडतो. उलट सवयीच्या रुग्णात एकदम विथड्रॉवल (ओपिऑइड तुटल्याचा त्रास) उसळतो: उलट्या, झटापट, आणि अर्धवट गुंगीत उलटी म्हणजे ती फुफ्फुसात जायची भीती. पल्मनरी एडीमाही (फुफ्फुसात पाणी) होऊ शकतो.

रात्रपाळी: ०.४ मिग्रॅच्या १ मिलि अँप्युलमध्ये ९ मिलि नॉर्मल सलाईन घाला, म्हणजे १ मिलित ०.०४ मिग्रॅ. दर २-३ मिनिटांनी १-१ मिलि, तोवर बॅग-मास्कने श्वास देणं चालू. रुग्णाने डोळे उघडून बोलायलाच हवं हा हट्ट नको. श्वास मिनिटाला १२ च्या वर आणि ऑक्सिजन ठीक, एवढं पुरे. मग जेवढ्या डोसने श्वास आला त्याचा दोन-तृतीयांश दर तासाला इन्फ्युजनने (शिरेतून सतत). ०.३ मिग्रॅ लागलं असेल तर ०.२ मिग्रॅ/तास. इन्फ्युजन बंद केल्यावरही काही तास नजर हवीच. श्वास पूर्ण थांबला असेल तर मात्र थेंबाथेंबाने देत बसू नका, ०.४ ते २ मिग्रॅ सरळ द्या. एकूण १० मिग्रॅ देऊनही काहीच फरक नाही? मग कारण दुसरं शोधा. शुगर तर आधीच बघितलेली असावी.

फार्मा_तिसरं_वर्ष: त्यापेक्षा नाल्ट्रेक्सोन या दुसऱ्या रोधकाची गोळी? ती दिवसभर टिकते.

म्यू_रिसेप्टर: तीच तर अडचण. ५० मिग्रॅच्या गोळीचा परिणाम २४ तास किंवा जास्त राहतो. तिचा मेटाबोलाइट (शरीरात तिच्यापासून बनणारा पदार्थ) ६-बीटा-नाल्ट्रेक्सॉलचं हाफ-लाइफच १३ तासांच्या घरात. विथड्रॉवल सुरू झाला तर तो परत घेता येत नाही. शिवाय बेशुद्ध माणसाला गोळी गिळवणार कशी? नाल्ट्रेक्सोन व्यसनमुक्तीसाठी, तेही ओपिऑइड ७-१० दिवस बंद असल्यावर. मेथाडोन असेल तर आणखी थांबावं लागतं.

रात्रपाळी: ब्युप्रेनॉर्फिन या ओपिऑइडचा हिशोब वेगळा. ते रिसेप्टरला घट्ट धरतं, सावकाश सुटतं, म्हणून ०.४ ने बहुधा काही हलत नाही. २-३ मिग्रॅ आणि त्यावर इन्फ्युजन लागतं, परिणामही उशिरा दिसतो.