अंगण खरंच वाकडं असेल तर?

तिरकी रेघ:
मुद्दा मांडतो, झोडायचं तर झोडा. "मी स्वतःच्या मेहनतीवर वर आलो" हे वाक्य मला आताशा पुरतं खरं वाटत नाही. माझ्या बाबतीत तर नाहीच.

एका परीक्षेची तयारी करताना आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. दिवा एक, पुस्तकांचा संच एक. तो माझ्याहून हुशार, हे आजही शपथेवर सांगेन. पहिल्या खेपेला दोघंही आपटलो. तो चार गुणांनी, मी चांगलाच तोंडावर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वळकटी बांधली. धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं, घरी पगार हवा होता. जाताना वह्या मला देऊन गेला. मी तिसऱ्या प्रयत्नात पास झालो ते समासात त्याच्या पेन्सिलीच्या फुल्या असलेल्या त्याच वह्या वाचून. मेहनत दोघांचीही होती. नापास व्हायची ऐपत फक्त माझी होती.

रोखठोक:
नाचता येईना अंगण वाकडं! राग मानू नका, पण परिस्थितीचे हे गोडवे बहुतेक वेळा सुस्थितीतले लोकच गातात. माझ्या आईवडिलांना सही करता येत नव्हती. आमच्या घरात कुणी ही भाषा बोललं असतं, तर पहिल्याच अपयशाला मी हातपाय गाळले असते.

मायकेल फॅरेडेचं बघा. लोहाराचा पोरगा, चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. शाळा जेमतेम. पुढे विजेच्या शास्त्राचा पायाच त्याने घातला. कसली पार्श्वभूमी होती त्याच्याकडे?

सांजवेळ:
रोखठोक, उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून बरं झालं. उमेदवारी पुस्तकांच्या दुकानात होती, खाटकाच्या नव्हे. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा आणि मालक वाचू द्यायचा. 1812 मध्ये हम्फ्री डेव्ही या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं त्याला दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाने दिली. 1813 मध्ये डेव्हीकडे जागा रिकामी झाली ती का? तर आधीच्या मदतनिसाला मारामारीपायी काढून टाकलं म्हणून! तो मदतनीस त्या दिवशी शांत राहिला असता तर?

रोखठोक:
तर फॅरेडेने दुसरं दार ठोठावलं असतं. तिकिटं त्या सभागृहातल्या सगळ्यांकडेच होती हो. त्या व्याख्यानांच्या टिपणांवरून तीनेकशे पानं कोणी लिहिली? ती बांधून डेव्हीकडे कोणी पाठवली? याचं उत्तर द्या, मग गिऱ्हाइकाचे आभार मानू.

सांजवेळ:
हे मान्य. पण पानं बांधायची कला तो त्याच दुकानात शिकला, एवढं तरी म्हणू द्या. :)

पाटीपेन्सिल:
मी मुलांना शिकवते. चिकाटी आणि संयम या गोष्टी आपण परिस्थितीपासून वेगळ्या काढतो, तिथेच गफलत होते. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाचा मार्शमेलोचा प्रयोग आठवतोय? मुलापुढे एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड खाऊ, ठेवायचा; थांबलास तर दुसरा मिळेल. थांबणारी मुलं पुढे जास्त यशस्वी होतात, असा त्यातून गाजावाजा झाला. मुळातली मुलं होती स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली. 2018 साली 900 हून अधिक, वेगवेगळ्या थरांतल्या मुलांच्या माहितीवर हेच पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध बराचसा विरला. मला यात नवल वाटलं नाही. दिलेला शब्द ज्या घरात पाळला जात नाही, तिथलं मूल हातातलं लगेच खातं. त्याच्या दृष्टीने तेच शहाणपण.

गोटी सोडा:
कॅनडातल्या आइस हॉकीचं उदाहरण राहिलंच. तिथे वयोगट 1 जानेवारीला बदलतो. म्हणून वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा जास्त. लहानपणी काही महिन्यांनी थोराड असलं की निवड होते, मग सरावही जास्त मिळतो. आता जन्माचा महिना कोणी मेहनतीने कमावतो का?

रोखठोक:
आणि डिसेंबरात जन्मून पोचले त्यांचं काय? मला तेच लोक महत्त्वाचे वाटतात. एकाच घरातल्या दोन भावंडांत एक तरतो, एक बुडतो. परिस्थिती तर एकच ना?

माजघर:
एकच? माझ्या भावाला अभ्यासाला दार असलेली खोली होती. मी स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. पाहुणे आले की उठायची मीच. आम्हा दोघांच्या अर्जांवर घरचं उत्पन्न मात्र एकच लिहिलेलं असायचं.

रोखठोक:
माजघर, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मी माझ्या मुलाला हे सगळं सांगणार नाही. अजून दहा वर्षं तरी नाही.

पाटीपेन्सिल:
मुलाला नका सांगू. पण उद्या नोकरीसाठी मुलाखती घ्यायला बसाल, तेव्हा स्वतःला तरी सांगा.

गोटी सोडा:
तिरकी रेघ, त्या खोलीतल्या मित्राचं पुढे काय झालं?

तिरकी रेघ:
बरं चाललंय त्याचं. नोकरीत स्थिरावला, परीक्षेला पुन्हा बसला नाही. मी पास झाल्यावर त्याचा फोन आला. मला वाटलं अभिनंदनासाठी. ते केलंच त्याने, मग जरा घुटमळून वह्या परत मागितल्या. बहीण तयारी करत होती. फुल्या पुसट झाल्या होत्या, त्या पुन्हा गडद करून पाठवल्या.