माणसांच्या गर्दीतून चेहरा: हे हाताने काढतात का?

केतकी_पु
सध्या अटलांटाला ताईकडे आलेय. तिच्या मैत्रिणीकडे क्रेग ॲलन या चित्रकाराचं प्रिंट बघितलं, पॉप्युलस सिरीजमधलं, नटी ऑड्री हेपबर्नचं. दारातून बघितलं तर चक्क चेहरा आणि जवळ गेले तर चेहरा गायब, नुसती मुंगीएवढी माणसं, गच्चीवरून खाली बघितल्यासारखी, प्रत्येकाची सावली पडलेली. हे हाताने रंगवतात की कॉम्प्युटरवर? आणि मला आजीचा चेहरा असा करायचा झाला तर सुरुवात कुठून करू?

रंगकाम्या
मूळ चित्रं हातानेच. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर पोर्ट्रेट काढून हात बसलेला माणूस आहे तो. आजीचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट कर, तीन-चारच टोन (काळ्या-करड्या छटा) ठेव, पेन्सिलने अगदी फिकट उतरवून घे. डोळे, नाकपुड्या, केस इथे दाटीवाटी, गालावर जवळपास कोणीच नको, पांढरा कागदच गाल होतो. दर दहा मिनिटांनी लांब जाऊन डोळे बारीक करून बघ.

उगाचच
सावल्या एकाच दिशेला पाड गं बाई!! मी बाबांचा चेहरा केला होता, जिथे जागा मिळेल तिथे सावली टाकली, तर माणसं जमिनीवर उभीच राहीनात आणि बाबांना देवी आल्यासारखं दिसायला लागलं. शिवाय सावली पण काळीच ना, ती टोनमध्ये धरली नाही की गाल आपोआप काळवंडतो. आणि एफोरवर नको, फुल शीट घे, आणि अगदी बारीक, डबल झीरो ब्रश.

जुना_कॅमेरा
थोडं अवांतर, पण आर्थर मोलचे फोटो बघाच. १९१८ मध्ये आयोवाच्या कॅम्प डॉज या लष्करी छावणीत १८,००० माणसं उभी करून स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, कॅमेरा उंच मचाणावर. लांबची माणसं बारीक दिसणार म्हणून एकट्या मशालीच्या ज्योतीत १२,००० आणि पायाशी फक्त १७! आपल्याकडे ओडिशाच्या पट्टचित्रात नारीकुंजर असतो, बायकांचा मिळून हत्ती, पण त्यात जवळूनही हत्ती हरवत नाही. मोलचं उलटं, मैदानातल्या शिपायाला काय कप्पाळ दिसणार.

केतकी_पु
सगळ्यांना थँक्स. आत्ता नुसता डावा डोळा केलाय, ४३ माणसं लागली. आजी तिरळी दिसतेय, दोघांना जरा सरकवते.